पाचवा पेला

पुण्यातून निघताना मित्र हसले :
जळगावात बिअर प्यायला?
तिथे लोक सोनं घ्यायला जातात, नाहीतर केळी भरायला.

पण मी शहरं पितो आणि वहीत उतरवतो.
एकवीस झाली.
प्रत्येक पानावर पेल्याचा ओला गोल ठसा,
तारीख, आणि दोन ओळी :
‘गव्हाची, गढूळ, मागून लवंग.’
‘हिच्यात समुद्र नाही, नुसतं मीठ आहे.’

दुपारी आधी परमिट रूम.
हिरव्या काचेआड अंधार, कूलरच्या वाळ्याचा वास.
“कोठून उनात, भाऊ?”
म्हटलं, इथलीच, ताजी, गावात गाळलेली काही?
मालकाने फ्रीज उघडून तीन राज्यांच्या बाटल्या दाखवल्या,
मग शेवेची वाटी पुढे सरकवली,
अशी जहाल की जीभ स्वतःचं नाव विसरली.
“ताजी फक्त शेव शे, भाऊ.”
हेही मी लिहिलं.

संध्याकाळी रिक्षा एमआयडीसीत शिरली,
डाळमिलचा पिवळा धुरळा, चटयांचे कारखाने,
आणि शेवटच्या गल्लीत केळी पिकवायची जुनी खोली,
जिथे निलाक्षी झांबरेने टाक्या मांडल्यात.
तिचे आजोबा इथे कच्चे घड लावत.
“पिकवणं तेच,” ती म्हणाली,
“फक्त सोलायला साल नाही.”

फळीवर सहा पेले आले. चहाचेच,
कारण खरे पेले पार्सल ऑफिसात अडकलेत, भुसावळला.

पहिला दादरचा :
भाकरीची करपलेली कड असते ना, जी आपण हळूच मोडून खातो,
ती.
दुसऱ्यात केळं.
“सगळे हीच मागतात. मला नाही आवडत.”
तिसरी मे महिन्यात सहा तास वीज गेली तेव्हा आंबलेली;
ओतून न देता ती विकते, नाव ठेवलंय ‘लोडशेडिंग’.
चौथी मी विसरलो. खरंच.

पाचवा पेला वेस्ताने आणला.
वेस्ता पावरा, धडगावकडचा,
टाक्या धुतो, दर दोन तासांनी तापमान लिहितो.
रंग जवळपास नाहीच. वास मात्र पेल्याच्या आधी पोचला,
गोड, उबट, थोडा जनावरासारखा.
मोह.
मी पेन काढलं : ‘मनुका, जुना गूळ, शेवटी’
आणि शब्द शोधत वर पाहिलं.

“फुलं आईनं वेचलेली,” वेस्ता म्हणाला.
“पहाटे चारला. पडली की लगेच, नाहीतर गुरं खातात.
इथं ग्लास साडेतीनशेला.
मागच्या होळीला सायबांनी तिचं मडकं फोडलं.
त्यात पण हेच होतं.”
आवाजात राग नव्हता.
तापमान सांगावं तसं सांगितलं त्याने.

भिंतीवर परवान्याची फ्रेम, तिला हळदकुंकू लावलेलं.
निलाक्षी बिल करत होती.
तिचा कॅल्क्युलेटर थांबला,
मग पुन्हा चालू झाला.

मी विचारलं, आईने ही चाखली?
“नेली होती एक बाटली. एक घोट घेतला,
म्हणाली, एवढी गार का आहे?
आजारी आहे का ही?”

हसलो आम्ही तिघंही, वेस्ता सगळ्यात उशिरा.
सहावा पेला तसाच राहिला,
त्याचा फेस बसताना मी बघत होतो.

निघताना त्याच्या गावाचा पत्ता विचारला.
तो टाकीचा पाईप गुंडाळत होता, मान वर न करता बोलला.

रात्री स्टँडवर वही उघडली.
बाविसाव्या पानावर ठसा उमटलेला, आत ते अर्धं वाक्य,
‘शेवटी’च्या पुढे काही नाही.
पान उलटून लिहिलं :
तेवीस. डांबर संपतं तिथून विचारा.

मग बस आली. मांडीवर शेवेची पुडी,
खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली,
आणि जीभ अजून दुपारपासून पेटलेलीच.