सांध

मिसूरीत, मागच्या अंगणात, व्हर्लिन
हिकरीची ओली ढलपी निखाऱ्यावर टाकतो.
अंडी सोलून झालीत. एक फाटलं,
ते उभ्याउभ्याच खाल्लं, मिठाशिवाय.

ओल्या तळव्यावर सॉसेजचा खिमा थापायचा,
मधोमध अंडं, मग मूठ हळू मिटायची.
सांध राहिली की उकलतं बरं का,
डोरीन म्हणायची, आणि मागे उभी राहायची.

दीड तास. झाकण उघडायचं नाही.
कुंपणापलीकडून लेलँड विचारतो, झालं?
नाही.

मग सुरी. बाहेरून तांबूस, चकाकतं;
आत बलक घट्ट, कडेला हिरवट.
तिनं नाक मुरडलं असतं.
अर्धं तो कुंपणावरून देतो.
पोरगं फुंकर मारतं, खातं, बोटं चाटतं.

कोंबड्या तिच्याच, व्हर्लिन म्हणतो,
अजून घालतात अंडी.