चौकशीची खिडकी

पणजीच्या स्टँडवर माझी एक खिडकी आहे.
काचेला गोल भोक, त्यातून प्रश्न येतात.
वास्कोची कधी? फोंड्याची कुठं लागते?
समुद्र कुठल्या बाजूला?
एकदा एकानं विचारलं, सूर्य किती वाजता बुडतो,
जणू तीही कदंबचीच गाडी.
मी घड्याळ बघून सांगितलं, सहा अठ्ठावीस.
खूश होऊन गेला.

मी सत्तरीतली. गावाचं नाव ठाणे.
सांगितलं की लोक मुंबईकडचं समजतात,
आता मी दुरुस्त करत नाही.
तिथं वाटेत भेटेल तो विचारायचा,
कुणाची गे तू? कुठं चाललीस? एकटीच?
इथं अकरा वर्षांत हे तिन्ही प्रश्न
कुणी विचारले नाहीत.
पहिल्या वर्षी त्याचा इतका आनंद होता
की सुटल्यावर मी अठरा जून रस्ता
या टोकापासून त्या टोकापर्यंत उगाच चालायचे,
एक कटलेट-पाव खायचे, उभ्यानंच,
आणि मला कुणी ओळखत नसे.
चौथ्या वर्षी तापानं पडले तीन दिवस,
तेव्हाही कुणी ओळखत नव्हतं.

मळ्यात वरच्या मजल्यावर खोली.
खाली एर्मेलिंदाबाय. पिवळी भिंत, निळी चौकट.
खाडीला ओहोटीच्या वेळी वास येतो,
हे पाहुण्यांना कुणी सांगत नाही.
ते येतात दहानंतर,
आमच्या पायऱ्यांवर बसतात, टोपी तिरकी करतात.
दोरीवरचे माझे कपडे
त्यांच्या फोटोत नको असतात.
एक मुलगी गोड आवाजात म्हणाली,
ताई, पाच मिनिटं काढाल का?
काढले. खरं सांगते, मलाही वाटलं,
भिंत बरी दिसते त्यांच्याविना.

रात्री मांडवीत बोटींचे दिवे उतरतात.
कशाच्या बोटी ते मला ठाऊक आहे,
मामेभावाच्या दोन काजूबागा त्या उजेडात गेल्या.
तरी आई आली होती तेव्हा
तिला मी तेच दाखवायला नेलं.
बराच वेळ बघून ती म्हणाली,
रोजच दिवाळी, मग दिवाळीला काय करतात गे?

चतुर्थीनंतर एर्मेलिंदाबाय जिना चढून आली,
गुडघे धरून, म्हणजे बोलणं मोठं होतं.
"बाय, तूं म्हयन्याक दिता तें
हांगा तीन रातींनी येता."
लाजत होती बिचारी. हिशोब लिस्बनच्या मुलाचा.
तिचं छप्पर गळतं, बादल्या मीच मांडल्यात कितीदा.
भांडायला समोर कुणीतरी वाईट हवं ना.

आता मी साखळीहून ये-जा करते.
सव्वा तास.

परवा एक जोडपं आलं, अकोल्याचं.
गोल भोकातून मोबाईल आत सरकवला,
हे कुठं आलं हो?
जुन्या गोव्याची अस्सल खोली, असं खाली लिहिलेलं.
शिंपल्यांची तावदानं. लाल जमीन.
भिंतीत माझा खिळा,
ज्यावर कॅलेंडर असायचं, तिथं गवताची टोपी.
दोरी काढलेली.

मी सांगितलं, पूल ओलांडा,
खाडी डाव्या हाताला ठेवून सरळ चला.
मारुतीच्या पायऱ्यांच्या अलीकडं वळा.
कुत्रा भुंकेल, त्याला टायगर म्हणा, गप्प होतो.
दाराची कडी नुसती ओढून निघत नाही,
थोडी वर उचलायची, मग आपल्याकडं.
आणि पाऊस आला तर पलंग
खिडकीपासून हातभर लांब घ्या.

ती म्हणाली, किती माहीत आहे तुम्हांला.
तो म्हणाला, अगं, कामच आहे त्यांचं.
दोघं बॅगा ओढत पुलाकडं गेली,
चाकांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मागून कुणीतरी विचारलं,
साखळीची कधी?
पावणेसातला, म्हटलं.
उभ्यानं जावं लागेल.