लाल दिसत नाही

बिडवे डॉक्टरांनी डिजिटल मशीन घेतलं
आणि एक्स-रे फिल्मचा शेवटचा डबा पुढं करून म्हणाले,
टाकून द्या, बाई.
मुदत संपून तीन वर्षं झालेली.
ज्या निळसर पानांवर सव्वीस वर्षं
उदगीरची हाडं वाचली
ती कशी टाकू?
घरी आणला.

क्लिक थ्री सापडला आठवडी बाजारात,
कुलपं आणि कुकरच्या शिट्ट्यांच्या ढिगात. ऐंशी रुपये.
शटरची स्प्रिंग गेलेली, बॉलपेनची बसवली.
मागच्या दारातून उजेड गळायचा,
तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी.
रोल मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही,
म्हणून एक्स-रेची फिल्म कात्रीनं कापते, चौकोन चौकोन.
एका वेळी एकच फोटो.

कापायला अंधार लागतो.
तो महावितरण देतंच.
टॉर्चला लाल जिलेटीन गुंडाळते, तेवढं चालतं.
या फिल्मला लाल दिसत नाही.
तिच्या लेखी लाल म्हणजे काळोख.

कॉफीच्या दोन रुपयेवाल्या पुड्या,
धुण्याचा सोडा, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या खलबत्त्यात कुटून.
वास असा की शिवलीला ताट घेऊन गच्चीवर जाते.
नळ आठ दिवसांनी येतो,
तेव्हा धुणं तीन तांब्यांत.

पहिले बसले खाजामियाँ.
त्यांच्या मूनलाइट स्टुडिओत आता
मोबाइलच्या काचा बदलून मिळतात.
चाळीस वर्षं लोकांना म्हणले, हनुवटी खाली, जरा हसा,
आणि आज विचारत राहिले,
हात कुठं ठेवू?
मेंदीची दाढी उन्हात पेटलेली.
मी बोलायला गेले तर तोंडातून तेच आलं:
श्वास घ्या.
रोखा.

दुसऱ्याच सेकंदाला खोकला.
डाव्या फुप्फुसातला तो जुना डाग
मला ठाऊक आहे. मीच काढला होता.
त्यालाही ते फोटोच म्हणायचे.

लाइटबॉक्सवर निगेटिव्ह लावली.
चेहरा काळा, हललेला.
दाढी पांढरीफटक,
मेंदीखाली आहे तशी.
खाजामियाँ काही बोलले नाहीत.

शिवलीलानं मोबाइलवर रंग उलटे केले.
दाढी काळीभोर.
चष्मा कपाळावर सरकवून
त्यांनी मोबाइल नाकाशी धरला.
"ये तो मेरे शादी का फोटो है, बाई."
लाल ना इकडं होतं, ना तिकडं.
त्यांचं बोट दाढीत फिरत होतं,
बोटाला मेंदीचा रंग तसाच.

मग कॅमेरा उचलून कानाशी नेला,
शटर दाबलं, ऐकलं, परत दाबलं.
"हिला तो मैंच. मगर स्प्रिंग ढिली है."
आणि खिशातलं पेन काढून
उघडायला लागले.