सोनेरी कडा

पुस्तक बांधणारीला आधी कणा कळतो.
टेबलावर उभं धरायचं आणि हात काढून घ्यायचा,
वर्षानुवर्षं जिथे उघडलं गेलं
तिथेच ते आपसूक उघडतं,
म्हातारा घोडा तबेल्याकडे वळावा तसं.

ऑर्व्हिल टकेटचं शास्त्र मार्चमध्ये आलं,
किराण्याच्या कागदी पिशवीतून.
ओक्लाहोमाचा वारा दाराला ढुशा देत होता.
"आजोबांचं आहे. ईस्टरच्या आत होईल ना, आर्डिथ?"
चर्चमध्ये डीकन आहे तो, वीस वर्षं.
माझ्या नवऱ्याची शवपेटी उचलणाऱ्या सहांतला एक.

हात काढला. दोन जागी दुभंगलं.
एका पानावर, राज्यकर्त्यांना देवानंच बसवलंय,
त्यांच्यापुढे मान तुकवा.
दुसऱ्यावर, माणसापेक्षा देवाचं ऐकणं भाग आहे.
दोन्हींच्या समासात निळ्या शाईतल्या तारखा.
तारखा जुळवणं हा माझा धंदा नाही,
पण हात शिवणीत गुंतले की डोळे रिकामे असतात.
सगळे नोव्हेंबर.
त्याचा माणूस निवडून आला की पहिलं पान,
पडला की दुसरं.
दर चार वर्षांनी पेन उठायचं, हवा बघायचं, बसायचं.

पुढाऱ्याचं चारित्र्य स्वच्छ हवं, तिथेही एक तारीख,
समोरच्या पक्षातला कुणी बाईच्या भानगडीत सापडला होता तेव्हाची.
आणि शेजाऱ्याची बायको पळवूनही
देवाचा लाडका राहिलेल्या राजापाशी
अलीकडची, तीनदा अधोरेखित:
देव कुणालाही वापरतो.

मधला एक गठ्ठा मात्र कोरा.
सोनेरी कडा एकमेकींना चिकटलेल्या,
छापखान्यातून निघाल्या तशा.
हाडाच्या पट्टीनं सोडवत गेले.
किर्र. किर्र.
आत शेताच्या कडेची कणसं होती, उपऱ्यासाठी सोडायची.
आत आठवण होती, की तुम्हीही परमुलखात परकेच होतात.

ऑक्टोबरात मांसाच्या कारखान्यावर गाड्या आल्या होत्या.
एलिसेओ शोलला नेलं,
गारपिटीनंतर आमच्या चर्चचं छप्पर
दोन दिवसांत बसवून देणाऱ्याला.
त्या रविवारी ऑर्व्हिलनं पहिलं पान वाचलं.
आवाज चांगला आहे त्याचा.
आमेन छपरापर्यंत गेलं.
मी म्हटलं की नाही?
ओठ हलले होते, एवढं आठवतं.

तर मी काय केलं, नव्या कण्यात लाल फीत शिवली
आणि ती बरोब्बर त्या कणसांत ठेवली.
खूश होते. शिट्टी वाजवत दुकान बंद केलं.

घरी सहज म्हणून माझं उभं धरलं.
हात काढला.
धप्पकन उघडलं ते ढोंग्यांना झोडपणाऱ्या अध्यायावर.
पेन्सिलीच्या रेघा माझ्याच.
समासात आद्याक्षरं. ऑ. ट.
पुन्हा ऑ. ट.
खाली आणखी एकदा, कागद फाटेपर्यंत दाबून.
वैऱ्यावरही माया करायला सांगणारं पान शोधलं,
ते नखानं सोडवावं लागलं.

शनिवारी तो आला.
पंच्याऐंशी डॉलर, नोटा सरळ करून मोजलेल्या.
शास्त्र टेबलावर उभं धरलं त्यानं, सोडलं,
ते उभंच राहिलं.
"आता कुठेच उघडत नाही गं."
"नवा कणा आहे. थोडे दिवस कुठेही उघडेल."

फीत ओढली त्यानं.
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
बराच वेळ बोट एकाच ओळीवर.
मग विचारलं, खरंच विचारलं,
"ही पानं आधीपासून होती?"

होती, म्हणाले.
आणखी काही जिभेवर आलं होतं, माझ्या समासातलं.
त्याची कागदी पिशवी घडी घालून ठेवलेली,
ती परत दिली.