जामीन कोण

एकशे चौतीस ओळींची यादी झाली आहे माझी.
संस्था, गाव, पगार, शेवटची तारीख,
आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द:
हो, नाही, किंवा गप्प.
गप्प सर्वांत जास्त.

चोडणला रेंज धड येते ती मानशीच्या कट्ट्यावर.
भरती चढली की लाकडी दार आपसूक मिटतं,
ओहोटीला आपसूक उघडतं.
मी तिथे बसून अर्ज भरते:
पाणथळीचा न्यास, कुरणांचा न्यास,
धर्मादाय, नफा न कमावणारे,
सगळे आधी मायेनं लिहितात, आम्ही सर्वांचं स्वागत करतो.
खाली बारीक अक्षरांत विचारतात,
आपल्याला आता किंवा पुढे कधी
स्पॉन्सरशिप लागेल का?
'हो'वर बोट ठेवलं
की पान आभार मानून मिटतं.

आई म्हणाली, स्पॉन्सर म्हणजे काय गं?
म्हटलं, आपली हमी घेणारा.
म्हणजे जामीन, ती म्हणाली.
केलंस काय तू?

आवेलिनच्या आजाचा जन्म लिस्बनच्या वहीत आहे.
तो स्विंडनला रात्रपाळीत खोकी चिकटवतो.
बांधावर यायचा तो फक्त गरी टाकायला.
माझा आजा दोडामार्गकडचा,
हद्दीच्या दीड मैल पलीकडे जन्मला.
दीड मैल!
एवढ्यात चुकलेला बैलसुद्धा सापडतो.

मला येतं ते थोडंच आहे.
खेकड्याच्या बिळावरून सांगते, बांध कुठे फुटेल.
कोरगुट किती खारं सोसेल ते ठाऊक आहे.
दोन हिवाळे हुदाळ्यांची विष्ठा मोजली.
खारफुटीची बाराशे रोपं लावली,
चारशे जगली.
अर्जात बाराशेच लिहिते.
हे सगळं 'अनुभव'च्या चौकटीत, दोनशे शब्दांत.
खुशाली म्हणतो, दोनशे कशाला?
चिखल नि पेंढा, झाला बांध.

शेवटी एका संस्थेनं बोलावलं, वेल्समधल्या, नदीकाठच्या.
इथे दिवेलागण, तिथे दुपार.
पडद्यावर ग्वेनिथ नावाची बाई,
मागे खुंटीला ओले बूट.
म्हणाली, उन्हाळाभर मुख्य काम एकच,
उपरी झाडं उपटायची.
आणि फोटो दाखवला.

तेरडा.
आपला नव्हे, हिमालयातला, माणसाहून उंच,
पण तीच लोंबती फुलं,
तीच टिचकीसरशी फुटणारी बोंडं.
कुण्या हौशी माणसानं बागेसाठी नेला होता,
राणीच्या काळात.
तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही, जामीन कोण.
आता काठ सोडायला तयार नाही.

असं काही उपटलं आहेस कधी?
म्हटलं, दरवर्षी.
चवथीच्या दिवसांत रानात जातो,
मुळासकट काढतो, हळूच, मोडू नये म्हणून,
आणि घरी आणून गौर म्हणून बसवतो.
दोन दिवस तिला माहेरचं जेवण.

ती थोडा वेळ बोलली नाही.
मला वाटलं, रेंज गेली.
मग काहीतरी लिहून घेतलं तिनं.
म्हणाली, परवाना आहे आमच्याकडे, नवा आहे,
अजून कुणासाठी वापरला नाही.
पण सरकारनं ठरवलेल्या पगाराला
आमचा पगार थोडा कमी पडतो.
विश्वस्तांना विचारते.

आईला सांगितलं.
ती कोकमं पसरत होती, मान वर न करता म्हणाली,
तेरड्याचा रंग तीन दिवस.
तिकडे पावणेदोनशे वर्षं टिकलाय, मी म्हटलं.
मग आपण दोघी कोकमंच पसरत राहिलो.

रात्री यादी उघडली.
एकशे चौतिसावी ओळ, शेवटचा रकाना.
हो नव्हतं, नाही नव्हतं, गप्पही नव्हतं.
लिहिलं: विचारते.

पहाटे खुशालीची हाक आली,
बांधाला भोक पडलंय, तुझ्या त्या चारशेंच्या बाजूला.
पाटी घेतली. फोन
कट्ट्यावर ठेवला, आवाज मोठा करून.