सरळ रेघ

आमच्या लिपीत सरळ रेघ नाही.
सगळी अक्षरं गोल, पोट सुटलेली,
द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखी वळत जाणारी.
त्यामुळे असेल कदाचित,
कुतायसीत कुणाचंच बोलणं लवकर मुद्द्यावर येत नाही.
माझंही.

तर सांगत होते, डॉक्टर गुरांदाने दंडाचा पट्टा सोडला,
आकडा बघितला, चष्मा कपाळावर चढवला.
"माक्वाला, रात्री काय करतेस?"
म्हटलं, झोपते. म्हणजे आडवी होते.
चारला दहा कमी असताना भट्टी पेटवायची असते,
आणि एक वाजल्यापासूनच डोक्यात कुणीतरी भांडी घासत बसतं:
मीठ संपलं, यीस्ट संपलं, विजेचं बिल,
मीठ संपलं.
तिने गोळ्या लिहून दिल्या, आणि खाली एक ओळ:
झोपण्याआधी उद्याची कामं कागदावर काढणे.
मनात म्हटलं, याचेही पैसे घेतेस?

पण लिहिलं.
पिठाच्या रिकाम्या पिशवीचा कागद,
आणि नुगझार पोलंडला ट्रक चालवायला गेला
तेव्हा मागे राहिलेली त्याची सुतारी पेन्सिल.
पहिल्याच रात्री एकतीस भरली.
बाराव्या नंबरला, छप्पर गळतं.
सतराव्याला, गुडघा.
तेविसाव्याला, नुगझार हल्ली फोनवर हसत का नाही.
एकतिसाव्याला नुसतंच, रिओनीला पूर आला तर.

गुरांदा वाचत गेली आणि खुदकन हसली.
"यातली कामं नऊ. बाकी सगळी भीती आहे, बाई.
एका ताटात वाढू नकोस दोन्ही."

तेव्हापासून दोन कागद.
कामांचा भट्टीशेजारच्या खिळ्याला,
भीतीचा, म्हणजे तोच पहिला, गल्ल्याखाली.
काम झालं की रेघ.
आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं:
जन्मभर गोल गोल लिहिलेल्या हाताला
एक सरळ रेघ ओढताना केवढं सुख होतं!
मग लबाडीही शिकले.
पहिलं काम लिहायचं, उठणे.
उठले. मारली रेघ.
कणीक मळायच्या आत एक काम पदरात.
रात्री भांडी अजून वाजतात,
पण शेजारच्या घरातली वाटतात.

गेल्या बुधवारी गर्दीत
हाताला लागेल त्या कागदात वालेरियानचे पाव गुंडाळले.
रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस,
सुटे पैसे रुळासारखे ओळीत मांडून देतो.
संध्याकाळी गल्ला मोजताना लक्षात आलं
आणि अंगातलं त्राणच गेलं.
माझा गुडघा, माझा नुगझार, रिओनीचा पूर,
सगळं त्याच्या जेवणाच्या टेबलावर,
ऊन ऊन.

गुरुवारी तो शिडी घेऊन आला.
बोलला काही नाही.
वर दीड तास ठोकाठोक.
जाताना कागद ठेवून गेला, घडी घातलेला, तेलकट.
बाराव्या नंबरवर रेघ, पट्टी लावून मारलेली.
(ते काम होतं. मी इतके महिने त्याला भीती समजत होते.)
सतराव्यापुढे बारीक अक्षरात: "माझाही. डावा."
पुराला त्याने प्रश्नचिन्ह दिलं होतं.
तेविसाव्याला हात लावला नव्हता.

आज कामं सात.
उठणे, झालं.
मीठ, झालं.
वालेरियानचे दोन पाव बाजूला, झालं,
आणि पैसे देऊन गेला, हट्टी कुठला.
चौथं राहू दे.
पाचवं काल रात्री मी एका कागदावरून दुसऱ्यावर आणलं:
नुगझारला सरळ विचारणे.
"सरळ"खाली रेघ आहे. खोडलेलं नाही, नीट बघा,
खाली आहे.

तिकडे फोन वाजतोय.
पेन्सिल कानावर.
भिंतीला चिकटवलेले पाव करपायला
अजून चार मिनिटं आहेत.