तपकिरी

कुकरवर तांबड्या पेनने लिहिलंय : खाण्यासाठी नाही.
तरी तिसऱ्या शिट्टीला
खालच्या झेरॉक्सवाल्याचा पोरगा ओरडतोच,
मॅडम, आज काय, डाळभात?
आज होडेकरांचा जबडा, हे मी सांगत नाही.

खालचा, डावा, अक्कलदाढेच्या मागचा.
मेणाच्या ठोकळ्यातून चार मायक्रॉनचे काप.
यासीन होडेकर, राजिवडा, वय एकोणतीस, खलाशी.
सूज दीड वर्षाची. आधी लवंग, मग मीठपाणी,
मग कुणीतरी दिलेला लेप.
समुद्रावर दुखलं नाही म्हणे कधी,
जेटीला लागलं की गाल जड.

दात घडवणाऱ्या पेशी असतात,
आईच्या पोटातच कामाला लागलेल्या.
काम संपलं की त्यांनी जायचं,
होडी पाण्यात लोटल्यावर सुतार जातात तसं,
वाकस-पटाशी गुंडाळून.
काही जात नाहीत.
हाडात बसून राहतात, वर्षानुवर्षं गप्प,
आणि एक दिवस कुणी न सांगता
पुन्हा बांधायला घेतात.
काय, ते त्यांनाही आठवत नसतं.

नीघ म्हणणारी प्रथिनं वेगळी,
थांब म्हणणारं वेगळं.
मी सगळ्यांनाच रंग लावते.
बॅक्स. कॅस्पेज-तीन. बीसीएल-टू.
रात्रभर काचा ओल्या डब्यात
आणि शेजारी एका अनोळखी टॉन्सिलचा काप,
साक्षीला.

सकाळी रंग चढला.
बेटांच्या कडेकडेने गडद, अखंड,
थांब थांब थांब थांब
आणि मधल्या विरळ जागेत
एखादीच पेशी आक्रसलेली,
आपली आपण निघालेली.
मोजल्या. हजारात अकरा.

यासीनचे वडील रिपोर्ट न्यायला आले.
स्क्रीनकडे बघत उभेच राहिले.
म्हणाले, ही ऐनाची साल.
नायलॉन यायच्या आधी सुती जाळी
आम्ही ऐनाच्या काढ्यात बुडवायचो.
अगदी हाच रंग.
कुजू नयेत म्हणून.

सतरा वर्षं मी हा रंग बघतेय.

मग, ही पण कुजणार नाही?
नाही, चाचा. म्हणूनच काढायची.
आजूबाजूचं थोडं चांगलं हाडही जाईल.
त्यांनी स्वतःच्या जबड्यावर
अंगठा ठेवला, तर्जनी ठेवली. एवढं?
मी त्यांची तर्जनी जराशी पुढे सरकवली.
दाढीचे खुंट टोचले.
बराच वेळ बोटं तिथेच होती.
फाटलेलं जाळं सांधताना, ते म्हणाले,
चांगले आसही कापावे लागतात कडेचे.
पोरांना ते कापवत नाही. मीच कापतो.

रिपोर्टात टक्के लिहिले होते.
ऐन लिहायला रकाना नव्हता.

पावती घडी करून टोपीत ठेवली त्यांनी,
दाराशी वळले :
जेवून घ्या आता, शिट्टी झाली मघाशी.
हो म्हटलं.
कुकरमध्ये दुसऱ्या काचा होत्या.
खेडची कुणी मुलगी. वय चौदा.